दादाच्या बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या

आमच्या घरी स्वतःचं वावर, शेत नव्हतं. थोडी मेंढरं होती, ती घेऊन वडील आमच्या झरी गावच्या शिवारात फिरायचे आणि आई दुसऱ्याच्या कापसात खुरपायला जायची. भाकरीसोबत कालवण असलं तर तो दिवस चांगला. टीव्ही गल्लीत एकाच घरी होता. तिथं उंबऱ्याबाहेर उभं राहून मी ती परदेशी कुस्ती बघायचो, चकचकीत चड्ड्यांची, डोक्यात खुर्च्या घालायची. आत ये असं कुणी म्हणायचं नाही. थोरला दादा तालमीत जायचा. जत्रांत लढून इनाम आणायचा आणि त्यावर माझं कॉलेज झालं. घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी कुणालाही, न विचारता सांगतो.

नोकरीला लागल्यावर मी त्या टीव्हीतल्या कुस्तीवर मराठीत पॉडकास्ट सुरू केला. लोक विचारायचे, "खोट्या कुस्तीवर एवढं काय बोलायलास?" माझं उत्तर ठरलेलं असायचं, "खरी कुस्ती माझ्या घरात हाय. माझ्या दादाची पाठ कधी मातीला लागली न्हाई." प्रत्येक भागात हे यायचंच. टीव्हीतली कुस्ती आवडते म्हणायची मला लाज वाटायची आणि दादाला पुढं केलं की ती झाकली जायची. शेवटी ऐकणारेच म्हणाले, मग दादालाच बोलवा.

एका रविवारी दुपारी मेंढरांच्या कोठ्यात पत्र्याला घोंगड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाईलला माइक लावला आणि घसा साफ केला.

"आपण कुस्तीकडे कसे वळलात?"

दादानं मागं वळून बघितलं. "कोन आपण? आनखी कोनी यायलंय का?"

आई दाराशी लसूण सोलत होती. "त्याचं कॉलेज बोलायलंय. तू सांग."

चांगला निवेदक म्हणजे न अडखळता बोलणारा, अशी माझी समजूत. म्हणून मी तसाच पुढं निघालो, "तर श्रोतेहो, ज्यांची पाठ कधीच लागली नाही..."

"ते म्हनू नको रे," दादा म्हणाला.

"कामून?"

"निम्म्याच्या वर कुस्त्या आदीच ठरलेल्या ऱ्हायच्या. मी अन् जिंतूरचा एक गडी. दिवस मावळंस्तवर झोंबायचं, मंग पंच बरोबरीत सोडवायचे. इनाम दोघांत. पाठ लागंल कशी?"

माझी कानशिलं तापली. इतके दिवस मी ज्या खऱ्या कुस्तीचा टेंभा मिरवला, ती टीव्हीतल्यासारखीच ठरवलेली होती आणि माझी पदवीही त्यातूनच आली होती. आधी मला दादाची लाज वाटली. ती वाटली म्हणून मग स्वतःची. हात मोबाईलकडं गेला.

"बंद कामून करायलास?"

"एवढं कापून टाकतो, दादा. लोक काय म्हणतील?"

"मला म्हनतील का तुला?"

मी हात मागं घेतला, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. लसणावरची नजर न काढता आई म्हणाली, "मला ठाऊक होतं. ह्याचं हाड मोडलं असतं तर तुझं कॉलेज कोनी केलं असतं?"

कोठ्यात फक्त मेंढरं ओरडत होती. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "दादा, मग आता तू डाव टाकणार, हे समोरच्याला कळायचं कसं?" उत्तर ठाऊक नसलेला हा माझा पहिला प्रश्न.

दादानं माझं मनगट धरलं आणि हळूच दाबलं. "आसं. मंग तो अंग ढिलं सोडतो. पडला तरी लागत न्हाई. तुझ्या टीव्हीतले बी तेच करतेत."

"तू बघतोस ते?"

"केस कापायला गेल्यावर बगतो की. लय भारी पडतेत."

पुढं दादा बोलत राहिला, जिंतूरचा गडी अजून फोन करतो इथपर्यंत. मी मधे बोललो नाही.

भाग लावायच्या आधी मी ठरलेल्या कुस्त्यांचा तो सगळा तुकडा काढून ऐकला, पुन्हा घालून ऐकला. तो काढला की दादा राहत नव्हता, नुसता माझा आवाज राहत होता. शेवटी मी गप्प बसलो होतो त्या जागेसकट सगळं लावलं. आता झरीत फाट्यावर कुणीतरी म्हणतंच, "आले बरोबरीवाल्याचे भाऊ." माझी मान अजून खाली जाते. दादा त्यांच्यातच बसून चहा पितो.

तो भाग न कापता लावलेला आहे. आता दर महिन्याला दादा येतो. प्रश्न मी विचारतो, कुस्ती तो सांगतो.