मेसेज करा, संस्था शोधा

ॲपमधले बग सुटले की विसरायला होतात. लोकांचे मेसेज मात्र डोक्यात घर करून बसतात! आता इतके साठलेत, की आम्ही तिघं भेटलो की तेच चालू.

तिघं म्हणजे मी, मानपाड्याचा मंदार आणि खाडीकाठच्या गावातली ॲग्नेस. ऑफिस एकच, ठाण्यात घोडबंदर रोडला. सुट्टीच्या दिवशी बसून हे ॲप बनवलेलं: साध्या फोनवरून आपला भाग आणि विषय एसएमएस करा, जवळच्या पर्यावरण संस्थेचं नाव येईल.

*

ॲप सर्व्हरलेस. मंदार त्याच्या बाबांना समजावत होता, "आपलं मशीन सतत चालू ठेवायचं नाही. मेसेज आला की कोड जागा होतो, काम करतो, परत झोपतो."

बाबा शांतपणे म्हणाले, "हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. तुझ्यावरच गेलंय!"

*

मानपाड्यातून कुणीतरी पाठवलं, "कचरा". ॲपने ओल्या कचऱ्याचं खत शिकवणारी संस्था सुचवली.

"धन्यवाद साहेब. पण घंटागाडी कधी येणार?"

ॲपने परत तीच संस्था पाठवली.

"साहेब, तुम्ही पण ना!"

*

स्पेलिंग चुकलं तरी भाग ओळखावा, असा कोड मी हौसेने लिहिलेला. ठाण्यातल्या कोपरीच्या एका काकूंनी रोपांसाठी मेसेज केला, आणि माझ्या कोडने त्यांना थेट डोंबिवलीच्या कोपरला धाडलं! मी फोन करून माफी मागितली.

"अरे, जाऊन पण आले मी. अडुळशाचं रोप मिळालं, वर शाळेतली मैत्रीण भेटली. आता ते दुरुस्त नको हं करूस!"

*

मराठी मेसेज लांबला की त्याचे तुकडे पडतात, हे आम्हाला डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंनी शिकवलं. संस्थेचं नाव, पत्ता देऊन ॲपच्या मेसेजचा शेवट असा होता: "रविवारी सकाळी अवश्य यावे. प्लास्टिकची पिशवी घेऊन येऊ नये." बाईंना पोचला फक्त शेवटचा तुकडा.

त्यांचं उत्तर आलं, "मी नम्रपणे पत्ता विचारला. 'येऊ नये' ही काय पद्धत झाली?"

*

आणि मग तो खाडीवाला मेसेज. शनिवारी दुपारी आम्ही ॲग्नेसच्या अंगणात लॅपटॉपवर मेसेज बघत बसलेलो. अनोळखी नंबर, पलीकडच्या कोळीवाड्यातला. "खाडीत प्लास्टिक. जाल्यात मासली कमी, पिशव्या जास्ती. कोन हाय का?"

ॲपने सगळीकडे शोधलं आणि नेहमीचं उत्तर दिलं: "माफ करा. तुमच्या भागात या विषयावर काम करणारी संस्था सापडली नाही."

ॲग्नेस हळूच म्हणाली, "किती वाईट वाटलं असेल रे त्यांना."

तेवढ्यात त्याच नंबरवरून परत मेसेज आला.

"नाय कशी? आमी हाव ना. उद्या सकालची ओहोटी हाय, तवा पिशव्या काढाला जाताव. तुमी किती जन येताव?"

मंदारने लॅपटॉप बाजूला सारला. आपला फोन घेतला, त्या नंबरवर स्वतःच्या हाताने टाइप केलं: "तिघं."