संदर्भ विभागातली चार पानं

काल वाशिमच्या घरी कपाट उघडलं, तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागात, असाच वास असायचा. एम.ए.च्या परीक्षेआधी धनजची माझी मैत्रीण कमल आणि मी एसटीनं तिथं गेलो होतो. आम्हाला हवं असलेलं पुस्तक एकच होतं आणि ते घरी नेऊ देत नसत.

कमल बाहेर पाणी प्यायला गेली. तेवढ्यात मी खोटंखोटं खोकत त्यातली चार पानं फाडली आणि ओढणीखाली पोटाशी खोचली. घामानं ती अंगाला चिकटली.

कमलनं परत येऊन पुस्तक उघडलं आणि ती रडवेली झाली. "कोनं फाडले वं पानं? असे बी लोकं रायतात?"

"किळस येते मले अशा लोकाईची," मी म्हणाले.

त्या पेपरात ती नापास झाली आणि घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. मी प्राध्यापक झाले. तेव्हा जी हुशारी वाटली होती, तिची आता शिसारी येते. कमल मात्र भेटेल त्याला माझ्याबद्दल सांगते, "आमच्या शोभानं लय मेहनत केली बाप्पा!"