चौथं घर रिकामं

सुचिताले कोणी गरीब बिचारी म्हटलं ना, त माह्या डोक्यात तिडीक जाते. बिचारी कायची? साऱ्या संग्रामपूर तालुक्यात एकटी जीपशी भांडली ते बाई. मी शाहीन, वरवट बकालची शिलाई मशीनवाली. तिच्या भिंतीले लागून माहं घर. जे सांगून राह्यली ते माह्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय, कोणाच्या तोंडचं ऐकलेलं नाही.

सुचिताचा गळा लहानपणापासून गोड. हळद कोणाचीही असो, ती आल्याबिगर नवरीले बोट लागत नव्हतं. बी विकणाऱ्या एका डीलरनं तिले बरोबर हेरलं. बीटी कपाशीच्या बियाण्याचं गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं, गावातल्या वामनरावानं ढोलकी वाजवली, अन् पेरणीच्या आधी भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरली. "अळीचं भेव नाही, बाई, अळीचं भेव नाही!" लेकरं खेळता खेळता तेच म्हणत. सुचिता लय खुश होती. अन् काऊन नसावी? तिचा आवाज पहिल्यांदा गावाच्या शिवेपार गेला होता.

मग आलं गुलाबी बोंडअळीचं साल. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. डीलर म्हणे हवामान, कंपनीचा माणूस म्हणे तुमचीच चूक. ते सगळे दूर बसलेले, हाताशी सापडली सुचिता. समोरची रुखमाबाई तिच्या तोंडावर बोलली, "तुह्या गळ्यावर भुललो आम्ही." त्या दिवसापासून हळदीची बोलावणी बंद. ती पाण्याले निघाली की ओट्यावरच्या बाया उठून आत जात. अरे, तिचंही वावर त्याच अळीनं खाल्लं होतं! ते कोणाले दिसलं नाही. मले असा संताप ये, की सुई कापडात कमी अन् बोटात जास्त जाये.

सुचिता रडली, अन् मग डोळे पुसून उठली. म्हणाली, "भाभी, ज्या तोंडानं खोटं गायली त्याच तोंडानं खरं गाईन. माहा आवाज मी जीपवर सोडून देणार नाही."

ढोलकीसाठी ती वामनरावाकडं गेली. माणूस वाईट नाही, पण त्याचं पोट डीलरच्या कामावर. तो खाली पाहून म्हणाला, "मले यात ओढू नको, पोरी." डीलरनं त आमच्या दारात गाडी थांबवून ऐकवलं, "तालुक्यातला एक तरी ढोलकीवाला तुह्यासंग बसला त सांगजो."

सुचिता म्हणाली, "माणूस नाही बसला त मशीन बसवीन. तुमची गाडी काढा, दार अडते."

मशीन! म्या कपाळाले हात लावला. मले एकच मशीन माहीत, पायानं चालते ते. पण माहा नवरा जुनेद, त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान अन् दुकानात एक खटारा कॉम्प्युटर. तो म्हणाला, ताल वाजवणारं सॉफ्टवेअर असते, फुकटही भेटते. लागले दोघं शोधाले. पहिलं उतरवलं, त गाण्याच्या मधोमध कोणी बाई इंग्रजीत बडबडे. जुनेद म्हणे, "हा नमुना हाय, पैसे भरले की गप होते." दुसरं महिनाभर चालणार, मग त्याले कुलूप. जुनेद हळूच म्हणाला, कुलूप तोडता येते.

सुचिता भडकली. "चोरीचं नको, अन् असं फुकटही नको, भाऊ! हे त बियाण्यासारखंच झालं. यंदा गोड, पुढच्या साली पुन्हा त्याच्याच दारात उभे राहा."

तिसऱ्याचं वाचता वाचता जुनेद थांबला. "इथं लिहिलंय, घ्या, वापरा, पाहिजे त्याले वाटा."

"बदल्यात?"

"काहीच नाही."

कित्येक महिन्यांनी सुचिता हसली. तिची आजी घरची सरकी मडक्यात राखून ठेवे, अन् पेरणीच्या तोंडावर कोणी मागाले आलं त त्याले नाही म्हणत नसे. बीले नाही म्हणू नये, असा रिवाजच होता. "पाहा भाभी, कोण्या मुलखातल्या माणसानं आमच्या आजीचा रिवाज पाळला," ती म्हणाली.

पण पहिल्याच दिवशी फजिती. मशीनच्या ढोलकीवर गाणं बसवून ओट्यावर लावलं, अन् रुखमाबाईनं धाडकन दार लावलं. "आली वाटते जीप!" खरंच, ताल अगदी जीपचाच वाटे. सुचिताचं तोंड उतरलं. मग मले हाताले धरून वावरात घेऊन गेली, उरल्यासुरल्या कपाशीत. म्हणाली, "वेच." एक हात, दुसरा हात, कमरेच्या ओटीत, अन् पाऊल पुढं. "हाच ताल, भाभी. याच्यात ढोलकी कुठं हाय?"

कॉम्प्युटरवर तालाचे ठोके भराले चार चार चौकोनी घरं होती. तीन घरांत तिनं ठोके भरले, पावलाचं चौथं घर रिकामं ठेवलं. जुनेद म्हणे, तिथं काहीतरी टाक, पोकळ वाटते. "वाटू द्या," ती म्हणाली. माह्या खोलीत बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून चारी बाजूले गोधड्या टांगून तिनं गाणं मोबाइलात भरलं:

जीपवर गायली होती ते मीच होती गं बाई,
बोंडात अळी निघाली, जीप फिरकली नाही.

गाणं ह्या मोबाइलातून त्या मोबाइलात गेलं, अन् त्याच्यासंग रिकाम्या चौथ्या घराची गोष्टही. कोणी ऐकलं, कोणी नाही, आमाले काही कळेना. रुखमाबाईचं दार बंदच.

पुढच्या मे महिन्यात जीप आली. नवी पोरगी गाये, ढोलकी वामनरावाची. चौकात थांबून भोंगा कोकलाले लागला, तशी सुचिता दाराच्या चौकटीले धरून उभी राह्यली. तेवढ्यात रुखमाबाई स्टीलचा रिकामा गंज, दूध तापवाचं उंच पातेलं, घेऊन बाहेर आली. ओट्यावर ठेवला अन् मोबाइल आत टाकला. गंजातून सुचिताचा आवाज घुमला. मग शेजारचा गंज निघाला, मग पलीकडचा. सगळे एकसाथ थोडेच वाजतात, नुसता गलका झाला. पण रुखमाबाईच्या ओट्यावर बाया जमल्या, अन् चौथ्या घरावर टाळी देऊ लागल्या. ड्रायव्हरनं भोंगा वाढवला. बायांनी टाळी वाढवली. शेवटी जीप वळली.

रुखमाबाईनं मोबाइल काढला, गंज पदरानं पुसला. सुचिताकडं न पाहताच म्हणाली, "परवा नातीची हळद हाय. येजो. मशीनही आणजो. अन् ते चौथं घर रिकामंच ठेवजो, ते आमचं हाय."