भावाच्या सुटकेचा शब्द

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. इल्फर्डच्या त्या सकाळचे मात्र तसे झालेले नाही. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पूर्व लंडनमध्ये मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आमच्या पोलीस ठाण्यातला एकमेव मराठी.

खबर आली ती आईच्या मैत्रिणीकडून. त्या डॉक्टर होत्या, मी त्यांना काकू म्हणत असे. त्यांच्या वरच्या खोलीत एक अरब विद्यार्थी भाड्याने राहत होता.

"अरे, तो सकाळपासून गायब आहे," काकू फोनवर म्हणाल्या. "दम्याचा पंप टेबलावरच पडलाय. सिव्हिअर अस्थमा आहे त्याला. पंपाशिवाय तो कॉर्नर शॉपलासुद्धा जात नाही!"

विशीतला मुलगा काही तास दिसला नाही, तर एरवी मी मनावर घेतले नसते. पण खोलीत चहा अर्धाच प्यायलेला होता आणि कोट खुंटीला होता. शेजारच्या बाईंनी त्याला हिरव्या जर्किनमधल्या एका मुलाशी दारात हसून बोलताना पाहिले होते. मग दोघे एका गाडीत बसून गेले. म्हणजे बोलावणारा विश्वासातला होता.

काकूंना थोडे ठाऊक होते. मुलाच्या देशात हुकूमशाही होती. तो आणि त्याचे मित्र इथे भाषणांच्या कॅसेट तयार करून तिकडे पाठवत. तिथली कॉलेजची मुले त्यांच्या प्रती काढून हातोहात वाटत. त्यातूनच तिकडे संप पेटले होते. कॅसेट कोणाकोणाच्या घरी पोचतात, हे फक्त या मुलाला माहीत होते. तो बोलला असता, तर ती सगळी घरे उद्ध्वस्त झाली असती.

त्याला देशाबाहेर नेऊ नये म्हणून मी विमानतळाला सूचना दिली आणि त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राला कॉलेजात गाठले. जर्किन हिरवेच होते. त्याला अटक केली, हक्क सांगितले, त्याचा सॉलिसिटर आल्यावर जबाबाची टेप सुरू केली.

"मी लायब्ररीत होतो," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

ज्याचे माणूस हरवते, तो आधी 'सापडला का?' असे विचारतो. याने विचारलेच नव्हते. मी पंप टेबलावर ठेवला.

"हा कुठे मिळाला?" त्याने विचारले.

"त्याच्या खोलीत."

त्याचा चेहरा उतरला. "पण तो तर नेहमी त्याच्या खिशात असतो!"

"तू हाक मारलीस, म्हणून तसाच खाली आला."

सॉलिसिटरने त्याला थांबवायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला.

"आमच्या वकिलातीतले लोक म्हणाले, फक्त बोलायचंय त्याच्याशी. माझा मोठा भाऊ तिकडे तुरुंगात आहे. त्याला सोडतो म्हणाले." आणि रडत रडत त्याने पत्ता सांगितला. रीडिंग शहराच्या बाहेरचे एक भाड्याचे घर.

तिथल्या पोलिसांना कळवून मी निघालो. पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मुलाला ऑक्सिजन लावला होता. ओठ निळे पडले होते, पण तो शुद्धीवर होता. त्याने एकही नाव सांगितले नव्हते. त्याला कोंडणाऱ्या दोघांनी राजनैतिक पासपोर्ट पुढे केले. त्यांच्यावर खटला भरता आला नाही. देशाबाहेर काढले, एवढेच.

हॉस्पिटलमध्ये मी जबाब घ्यायला बसलो.

"मित्राने भावासाठी केलं," मी म्हणालो.

त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "त्याचा भाऊ उन्हाळ्यातच गेला, सर. तुरुंगात मारलं त्याला. निरोप माझ्याकडे आला होता. म्हटलं, याची परीक्षा होऊ दे, मग सांगू."

आरोपी आणि फिर्यादी यांची भेट घडवणे नियमात बसत नव्हते. म्हणून भावाची ती बातमी, आणि ती मित्राला आधीच कळली होती हेही, मीच कोठडीत जाऊन सांगितले.

त्याने रडारड केली नाही. "त्याला केव्हापासून ठाऊक होतं?" एवढेच विचारले.

"उन्हाळ्यापासून."

"मग मला का नाही सांगितलं? मी हाक मारलीच नसती."

 पुढे त्याने गुन्हा कबूल केला. कोर्टात त्याच्या बाजूने बोलायला उभा राहिला तो दम्याचा मुलगाच.

आम्ही अधिकारी त्यांना 'पोरं' म्हणत होतो. तिकडचे सरकार मात्र त्यांना ओळखून होते: जो भीतीला बधत नाही, त्याला घरच्या माणसाची आशा दाखवायची. त्यानंतर चौकशीला बसताना माझा पहिला प्रश्न बदलला. 'कुठे होतास?' हे मी नंतर विचारी. आधी विचारी, 'घरी कोण कोण आहे?'