चार खांबांचं सिनेगॉग

शनिवार, १४ मार्च. शेजारच्या वॉल्टर यांचा फ्रीझर रिकामा करायचा होता. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. मुलगी रूथ मँचेस्टरहून आली होती. फ्रीझरमध्ये मी वर्षभरात दिलेली थालीपिठं जशीच्या तशी निघाली. ‘बाबांना तिखट सोसायचं नाही, पण तुला सांगायची हिंमत नव्हती,’ रूथ म्हणाली. बाकी सगळं सांगायची बरी हिंमत होती!

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आम्ही सोळा वर्षं शेजारी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, ते चष्म्यांचं दुकान चालवून निवृत्त झालेले. जन्म जर्मनीतल्या एका लहान गावातला. ते सहा वर्षांचे असताना, १९३८च्या नोव्हेंबरात, तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, जाळलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात आईवडिलांनी त्यांना एकट्यालाच इंग्लंडला पाठवलं. ते दोघं मागेच राहिले... याहून जास्त वॉल्टर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. सिनेगॉगच्या जागी आता कार पार्क आहे. गेल्या वर्षी तिथल्या नगरपालिकेचं पत्र आलं. जमिनीत दगड बसवून इमारतीचा आराखडा दाखवायचा आहे, पण आतला एकही फोटो नाही. आत गेलेले तुम्हीच उरलात, काय आठवतं?

आठवत बरंच होतं. आईबरोबर ते वर बायकांच्या सज्जात बसायचे, आणि खाली कुणाच्या तरी हॅटवर पेपरमिंट टाकली म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. मी ड्रॉइंग काढायला बसले. सज्जाखाली खांब किती?

‘चार.’

मी मापं मांडली. ‘वॉल्टर, चारवर हा सज्जा उभा राहणार नाही. सहा हवेत.’

‘तू तिथे नव्हतीस. कंटाळा आला की मी खाली पळायचो. दारापासून एकेक खांब शिवत जायचं. चार शिवले की ओळ संपायची, तिथे माझे वडील बसायचे.’

‘तुम्ही सहा वर्षांचे होतात.’

‘चारपर्यंत मोजता येत होतं, माधुरी.’

मी सहा काढायचे, ते पेन्सिलने दोन खोडायचे. असं महिनोन्‌महिने चाललं. चुकीच्या ड्रॉइंगवर मी सही करत नाही आणि ते ऐकत नाहीत, म्हणून ड्रॉइंग गेलंच नाही. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या मास्कमुळे बोलता येईना, तर मला बघून त्यांनी चार बोटं वर केली.

फ्रीझर पुसताना मी रूथला म्हटलं, ‘शेवटपर्यंत भांडले गं मी त्यांच्याशी.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. ‘त्या जागेचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. आम्हीसुद्धा. बाबा मला फोनवर सांगायचे, ऐंशी वर्षांत ही पहिली बाई, जी ती इमारत अजून उभी असल्यासारखी भांडते...’

मी फ्रीझर कोरडा केला, थालीपिठं पिशवीत भरून घरी आणली.

रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि दोन खांब काढून टाकले. खाली टीप लिहिली: ‘गणिताप्रमाणे सहा लागतात. होते चार.’ सही केली आणि ड्रॉइंग नगरपालिकेला पाठवून दिलं.