मनातून उतरल्याचा पुरावा

“मूठ वळा,” तो म्हणायचा, आणि माणूस मूठ वळतोय तोवर सुई आत गेलेली असायची. “मुंगी चावली, झालं.” म्हणून त्याचं नाव मुंगीवाला. प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम त्यानं बावीस वर्षं केलं. थकलेल्या, सुकलेल्या हातांत शीर सहज सापडत नाही. त्याच्या बोटाला ती सापडायची.

एका सकाळी सातव्या मजल्यावरच्या बाईनं त्याचा फोटो काढला. वापरलेल्या सुया टाकायचा डबा त्याच्या बॅगेतच असे. फोटोत डबा आला नाही. बॅगेत जाणारी सुई तेवढी आली. खाली तिनं लिहिलं, ‘हीच सुई पुढच्या घरी. सावध राहा.’ संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीच्या फोनवर ते फिरलं. प्रयोगशाळेनं साठा तपासला. सुई न सुई जुळली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “थोडे दिवस आतलं काम बघा.” आतलं काम म्हणजे नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवणं. त्या थोड्या दिवसांना दीड वर्ष झालं.

त्यानं अब्रूनुकसानीचा दावा लावला.

“पोस्ट तिची, हे सिद्ध होईल,” वकीलबाई म्हणाल्या. “खोटी आहे, तेही होईल. आता एक माणूस आणा, ज्याच्या मनातून तुम्ही उतरलात.”

“असा कशाला?”

“कोणी विश्वासच ठेवला नाही तर अब्रू गेली कुठं, असं ते विचारणार.”

तो पुन्हा घरोघर गेला. या वेळी बॅग नव्हती. सगळ्यांनी चहा दिला. निवृत्त मास्तर म्हणाले, “छे हो. तुम्हाला आम्ही ओळखत नाही का?”

“मग बोलावत का नाही?”

“सूनबाईंना आवडत नाही.”

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “माझं नाव कशाला, बाबा? आगीशिवाय धूर निघत नाही, हे कोण म्हणालं होतं?”

“ते मी सरकारबद्दल म्हणालो होतो.”

कोर्टात यायला मास्तर तयार नव्हते. कोणीच नव्हतं. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी वस्ती भरली होती, आणि दार उघडताना प्रत्येकाचा हात आधी पाठीमागे जात होता.

शेवटी थोरली बहीण म्हणाली, “मी येते. तुझ्यासाठी एवढं खोटं बोलेन.” तिला मधुमेह. पूर्वी दर महिन्याला तोच तिचं रक्त घेई. मग डॉक्टरांनी तपासण्या थांबवल्यात, असं तिनं सांगितलं होतं. बहिणीला खोटं बोलायला लावतोय, या विचारानं त्याला आठवडाभर जेवण गेलं नाही.

कोर्टात समोरचा वकील तिला म्हणाला, “तुम्ही सख्खी बहीण. भावाला मदत करायला आलात. त्या पोस्टवर तुमचा क्षणभरही विश्वास बसला नव्हता, खरं ना?”

तिनं पर्समधून कागद काढले. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या पावत्या, दर महिन्याची एक. पहिल्या पावतीवर पोस्टनंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख होती.

“बसला होता,” ती म्हणाली.

“आणि आज?”

तिनं भावाकडे बघितलं.

“आज कळत नाही,” ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले. तो म्हणाला, “ताई, तू खोटं बोलणार होतीस.”

“कोर्टात नाही बोलले. तुझ्याशी बोलले होते.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. मग मी काय केलं असतं, सांग?”



दावा तो जिंकला. बाईनं माफी लिहिली. नऊ जणांनी त्याखाली ‘लाइक’चा अंगठा टाकला. निकालाची प्रत घ्यायला तो गेला, तेव्हा वकीलबाईंनी चौथं पान उघडून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: ‘सदर मजकुरामुळे वादी आपल्या सख्ख्या बहिणीच्याही मनातून उतरला, हे निःसंशय सिद्ध झाले आहे.’

त्यानं ते दोनदा वाचलं.

“हे एवढं वगळता येईल का?” त्यानं विचारलं.

“अहो, निकाल त्याच्यावरच तर उभा आहे,” वकीलबाई म्हणाल्या, आणि त्याच्यासमोर सहीची वही सरकवली.