मुराळ्याची गाडी

पोशीरच्या मालोजीला गाडीची हौस कधीच नव्हती. म्हशी विकल्या, मग बायको सोनाबाई गेली, आणि घरात बोलायला एक रेडिओ उरला. तोही मध्येच खरखरायचा. पण गौरी-गणपतीला लेकीला आणायला माहेरचं माणूस जायला हवं. मुलगा नाही, म्हणून मुराळी मालोजीच. नम्रता दिली होती खालापूरकडे. नातू रुद्रला यष्टीत ओकारी होते, एवढ्या निमित्तावर ती मागच्या सणाला आलीच नाही. म्हाताऱ्यानं मनावर घेतलं. साठी उलटल्यावर गाडी शिकला. शिकवणाऱ्यानं कपाळाला हात लावला, पण शिकला.

हायवेलगत जुन्या गाड्या विकणाऱ्या साईनाथनं त्याला एक पांढरी गाडी दाखवली. पोरगं मोठं गोडबोलं. "काका, डाक्टरांची गाडी. कुटं ठोकलेली नाय, पाण्यात गेलेली नाय." मालोजी आत बसला. अत्तराच्या डबीआडून ओल्या मातीचा वास आला. दुसरा कुणी नाक मुरडून उतरला असता. भातशेतीत हयात गेलेल्या माणसाला चिखलाचा संशय कसा यावा? लावणी करून सोनाबाई ओट्यावर टेकायची, तेव्हा तिच्या लुगड्याला हाच वास असायचा. मालोजीनं ना टायर पाहिले, ना इंजिन. "हीच," म्हणाला.

सणाला गाडीला हार घालून तो लेकीच्या दारात गेला. व्याह्यांनी कौतुक केलं, मालोजीची मान ताठ झाली. परतताना चौक गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागची दारं उघडेनात, काचा खाली होईनात. रुद्र आईच्या मांडीवर रडून रडून काळानिळा झाला. शेवटी मालोजीनं दगडानं काच फोडली. नम्रता पोराला घेऊन रिक्षानं सासरी परतली. त्या वर्षी गौरीचा नैवेद्य मालोजीनंच रांधला आणि एकट्यानंच खाल्ला.

नेरळच्या धाऊ मेस्त्रीनं सीट काढून खालचं मॅट उचललं. खाली वाळलेला गाळ, बोल्ट गंजलेले. "पुरातली गाडी हाय, काका. सीटपातुर पानी चढलेलं. तुमाला वास नाय आला?"

मालोजी तसाच हायवेला गेला. साईनाथनं तर हातच वर केले. बघून घेतली ना, म्हणाला. नम्रताचा फोन आला तो तक्रारीपुरता. "दोष लपवून विकलीय, बाबा. गप बसायचं नाय." घरी येण्याचा विषय काढला की तिला काहीतरी काम निघायचं.

अलिबागला ग्राहक आयोगापुढे साईनाथच्या वकिलानं विचारलं, "गाडीत बसलात तेव्हा वास आला होता की नाही?" नाही म्हटलं की मालोजी सुटत होता; हो म्हटलं तर दोष माहीत असून गाडी घेतली, असं ठरत होतं. मागच्या बाकावर नम्रता बसली होती.

"आला व्हता," मालोजी म्हणाला. "माजी बायको लावणीवरनं यायची तवा असाच वास यायचा. ती गेल्यापासनं घरात कसलाच वास नाय. वाटलं, लेक बसंल, तिलाबी आईजवळ बसल्यासारकं वाटंल."

वकील खूश झाला. निकाल मात्र उलटा लागला: वास येणं वेगळं आणि विकणाऱ्यानं सांगणं वेगळं, सांगणं साईनाथचं काम होतं, ते त्यानं केलं नाही. गाडी परत घ्यायची, पैसे परत द्यायचे.

गाडी न्यायला टेंपो यायचा होता त्या सकाळी अंगणात नम्रता उभी. मुराळ्याची वाट न बघता, यष्टीनं आली होती. रुद्रला वाटेत ओकारी झालीच होती. पोराला आजोबाकडे देऊन ती गाडीत बसली, दार लावलं, डोळे मिटले. बराच वेळ बसली.

"वास येतोय, बाबा," ती म्हणाली. "आईचाच हाय."

टेंपो गाडी घेऊन गेला. संध्याकाळच्या यष्टीनं नम्रताही गेली. मालोजीनं मातीच्या ओट्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि ओल्या मातीशेजारी बसून राहिला.